व्हर्टआयओ-मेम: चालू व्हीएमला दिलेली रॅम परत मिळते का?

चालू व्हीएमला, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकाला, रॅम वाढवून देणारे पर्याय बरेच आहेत. तीच रॅम व्हीएम बंद न करता परत मागितली की त्यातले बहुतेक हात वर करतात. म्हणून हा रिव्ह्यू मी फक्त परत घेण्यावर लिहितेय. लिनक्स गेस्ट (व्हीएमच्या आतली सिस्टिम), केव्हीएम होस्ट (केव्हीएम या लिनक्सच्या सोयीने व्हीएम चालवणारा खरा सर्व्हर) आणि त्यात व्हर्टआयओ-मेम हे रॅम देणारं-घेणारं आभासी डिव्हाइस. माझं मत आधीच सांगून टाकते: घ्या, पण व्हीएम बनवायच्या दिवशीच घ्या. नंतर चिकटवायला गेलात तर निम्मा फायदा हातचा जातो. का, ते समजायला कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आत थोडं डोकवावं लागेल.

जळगाव एमआयडीसीत आमची छोटी सर्व्हर रूम आहे. दोन होस्ट, प्रत्येकी १२८ जीबी रॅम. त्यांवर जिनिंग मिलांचं काटा-खरेदीचं सॉफ्टवेअर चालतं, डाळ मिलांचे हिशेब चालतात, रावेर-यावल पट्ट्यातल्या केळी व्यापाऱ्यांचं गाडी भरायचं अ‍ॅप चालतं आणि पतसंस्थांचे रात्रीचे रिपोर्ट निघतात. या सगळ्यांची भूक एका वेळेची नाही. दिवाळीनंतर कापूस सुरू झाला की सकाळपासून काट्यावर ट्रॅक्टर लागतात, संध्याकाळी चुकाऱ्यांची घाई असते आणि रात्री तीच व्हीएम ३२ जीबी धरून नुसती बसलेली असते. त्याच वेळी शेजारची रिपोर्टवाली व्हीएम १६ जीबीत गुदमरत असते. केळीचं गणित पुन्हा वेगळं. मृगबागेची कापणी ऐन उन्हाळ्यात जोर धरते, तेव्हा कापसाचा पत्ता नसतो.

रॅम विकत घेऊन भागवता आलं असतं, नाही असं नाही. पण दोन्ही होस्टचे स्लॉट भरलेले आहेत आणि नवीन होस्ट म्हणजे नवा एसी, नवा यूपीएस. शिवाय गिऱ्हाईक जिनिंगचं. एका मिलचे मुनीम मला पहिल्याच भेटीत म्हणाले होते, "ताई, ते मेमरी-बिमरी आम्हाले समजत नाही. काटा थांबला की ट्रॅक्टरची रांग पार हायवेवर जाते, तेवढं पाहा." रॅम काढायला व्हीएम रीस्टार्ट करणं हा पर्याय त्या वाक्यातच बाद झाला.

आता मूळ अडचण. लिनक्स रॅमकडे ४ केबीच्या पानांचा गठ्ठा म्हणून बघतो. प्रोग्रामची पानं आणि फाइल कॅशची (डिस्कवरून वाचून रॅममध्ये ठेवलेल्या मजकुराची) पानं हलवता येतात: कर्नल मजकूर दुसरीकडे उतरवतो, पेज टेबलमधला (कोणतं पान कुठे आहे त्या यादीतला) पत्ता बदलतो, प्रोग्रामला पत्ताही लागत नाही. कर्नलच्या स्वतःच्या वस्तू मात्र अशा हलत नाहीत. स्लॅबमधले (कर्नलच्या छोट्या वस्तूंच्या साठ्यातले) ऑब्जेक्ट, पेज टेबलं, कर्नल स्टॅक यांच्याकडे कर्नलमधले पॉइंटर थेट बोट दाखवत असतात, आणि ते सगळे पॉइंटर शोधून बदलायची सोय नाही. रॅम ऑफलाइन करायची तर ती ब्लॉकने होते. एक्स-८६ च्या (इंटेल-एएमडी प्रोसेसरच्या) साध्या व्हीएमवर हा ब्लॉक १२८ एमबीचा असतो, म्हणजे त्यात ३२,७६८ पानं. त्यातलं एकच पान कर्नलचं निघालं तरी तो अख्खा ब्लॉक जागचा हलत नाही. भुसावळ यार्डात डबा सोडवायचा आणि आत एक प्रवासी बसून आहे, तसं.

यावर कर्नलमध्ये उपाय आहे, त्याचं नाव झोन मूव्हेबल. या झोनमध्ये फक्त हलवता येणारी पानं ठेवायची असा नियम. नंतर जोडलेली रॅम या झोनमध्ये गेली तर ती परत निघायची आशा धरावी. ती झोन नॉर्मलमध्ये, म्हणजे नेहमीच्या मिश्र झोनमध्ये, गेली की मग नशिबावर. हॉट-रिमूव्हचं, म्हणजे चालू व्हीएममधून रॅम काढण्याचं, अर्धं यश या एका निवडीवर ठरतं, आणि ही निवड रॅम जोडली जाते त्या क्षणी होऊन गेलेली असते.

पर्यायांत फुगा, म्हणजे व्हर्टआयओ-बलून, सगळ्यांत जुना. कल्पनाही जुनी, व्हीएमवेअरच्या कार्ल वाल्डस्पर्जर यांनी २००२ मध्ये ईएसएक्स या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरच्या पेपरमध्ये ती मांडली. गेस्टमधला ड्रायव्हर पानं मागून घेतो, धरून बसतो आणि होस्टला सांगतो की ही तू वापर. चालतं, विंडोजवरही चालतं. पण व्हीएमला कमाल रॅम सुरुवातीलाच द्यावी लागते, रीबूटनंतर ड्रायव्हर येईपर्यंत सगळी रॅम पुन्हा गेस्टच्या हातात असते, आणि ४ केबीची पानं जिथून मिळतील तिथून उचलल्यामुळे मोठ्या (२ एमबीच्या) पेजेसची वाट लागते. थोडी चणचण भागवायला ठीक. रोज संध्याकाळी १६ जीबी इकडून तिकडे करायला मी त्यावर विसंबणार नाही.

दुसरा पर्याय डीआयएमएमचा, म्हणजे रॅमच्या पट्टीचा. क्यूईएमयूमध्ये (होस्टवर व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) २०१४ साली आवृत्ती २.१ पासून व्हीएमला खोटी डीआयएमएम पट्टी जोडता येते आणि एसीपीआय या हार्डवेअरची खबर देणाऱ्या मार्गाने गेस्टला कळतं की रॅम आली. जोडताना छान वाटतं. काढताना सगळं किंवा काहीच नाही. ८ जीबीची पट्टी जोडली असेल तर तिचे ६४ च्या ६४ ब्लॉक रिकामे झाले पाहिजेत. त्रेसष्ट झाले आणि एक अडला, तर कर्नल त्रेसष्टही पुन्हा ऑनलाइन करतो आणि होस्टला नकार कळवतो.

हे पुस्तकातलं सांगत नाही. दुसऱ्या एका सेवादाराकडून आमच्याकडे एका डाळ मिलची व्हीएम आली. त्यांनी हंगामात ८ जीबीची पट्टी जोडून दिली होती आणि ती झोन नॉर्मलमध्ये ऑनलाइन झालेली होती. काढायचा प्रयत्न केला की होस्टला नकार, आणि गेस्टच्या कर्नल लॉगमध्ये एका पानाचा पूर्ण तपशील छापून खाली कारण: 'अनमूव्हेबल पेज'. फाइल सिस्टिमचा डेंट्री कॅश (फाइलनावांच्या नोंदी, या स्लॅबमध्ये राहतात) त्या पट्टीभर पसरलेला होता. कॅश रिकामा करून पाहिला, काही ब्लॉक सुटले, काही तसेच. शेवटी मिलच्या मालकांना सांगून रविवारी रात्री व्हीएम बंद केली आणि नव्याने बांधली. सॉफ्टवेअरने त्याचं काम नियमाने केलं होतं. रॅम चुकीच्या झोनमध्ये गेली त्या दिवशीच ती गेली होती.

व्हर्टआयओ-मेमकडे येते. डेव्हिड हिल्डेनब्रँड यांनी रेड हॅटमध्ये असताना केलेलं हे काम. लिनक्स ५.८ मध्ये ड्रायव्हर आला आणि क्यूईएमयू ५.१ मध्ये डिव्हाइस, दोन्ही ऑगस्ट २०२० मध्ये. लिबव्हर्ट या व्हीएम सांभाळणाऱ्या साधनात ७.९ पासून सोय आहे. यात पट्ट्या नाहीत. एकच मोठं डिव्हाइस असतं, त्याची कमाल मर्यादा तुम्ही ठरवता, आणि त्यातला किती भाग आत्ता गेस्टने वापरायचा तो आकडा होस्टवरून बदलता येतो. डिव्हाइसचा तुकडा एक्स-८६ वर सहसा २ एमबीचा. गेस्टचा ड्रायव्हर त्या आकड्याकडे तुकड्या-तुकड्याने सरकतो. सगळं जमलं नाही तर जेवढं जमलं तेवढं परत करतो, आणि उरलेल्यासाठी थोड्या वेळाने स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो. परत केलेला तुकडा होस्टवर खरोखर मोकळा होतो.

डीआयएमएमच्या 'सगळं किंवा काहीच नाही' या हट्टापुढे 'जेवढं निघेल तेवढं' हे फार मोठं सुख आहे. १६ जीबी मागितले आणि साडेपंधरा आले, तरी माझी रात्रीची रिपोर्टवाली व्हीएम खूश असते. डीआयएमएममध्ये त्याच परिस्थितीत हाती शून्य आलं असतं.

आमची मांडणी अशी. काट्याच्या व्हीएमला बूट रॅम (सुरू होतानाच मिळणारी) ८ जीबी आणि व्हर्टआयओ-मेमची मर्यादा २४ जीबी. हे प्रमाण मुद्दाम धरलंय. कर्नलच्या स्वतःच्या कागदपत्रांत मूव्हेबल आणि कर्नलची रॅम यांचं प्रमाण तीनास एक, फार तर चारास एक इथपर्यंत बहुतेक कामांना चालतं असं म्हटलंय. त्यापुढे गेलात तर वेगळंच संकट: फ्री कमांडमध्ये कित्येक जीबी मोकळे दिसतात, पण ते सगळे मूव्हेबलमध्ये, आणि कर्नलला पेज टेबलसाठी पान हवं तर ते कुठेच नाही. लिनक्स ५.१५ पासून ऑटो-मूव्हेबल नावाचं धोरण आहे, ते आलेली रॅम स्वतःच या प्रमाणात मूव्हेबलमध्ये टाकतं. त्याचा मुळातला आकडा ३०१ टक्के, म्हणजे तीनास एकच. गेस्टच्या बूट ओळीत हे धोरण लिहून ठेवा. काही डिस्ट्रोंत (लिनक्सच्या वितरणांत) यूडेव्हचा (नवं हार्डवेअर दिसलं की काय करायचं ते बघणाऱ्या सेवेचा) नियम आलेली रॅम लगेच आपल्या मनाने ऑनलाइन करतो. तो आहे का ते बघून काढून टाका.

आणखी एक हिशेब फार कमी लोक करतात. प्रत्येक पानामागे कर्नल ६४ बाइटची नोंद ठेवतो, म्हणजे रॅमच्या सुमारे दीड टक्का. २४ जीबीच्या नोंदींना ३८४ एमबी लागतात, आणि त्या सहसा आधीच्या रॅममधून जातात. बूट रॅम ८ जीबी असेल तर कळतही नाही. पण १ जीबीच्या व्हीएमला एकदम ६४ जीबी जोडायला गेलात, तर नोंदींनाच १ जीबी लागेल आणि रॅम वाढवतानाच व्हीएम रॅमअभावी आडवी होईल. छोटी बूट रॅम आणि प्रचंड मर्यादा ही मांडणी कागदावर आकर्षक दिसते. करू नका.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं? चुकारे संपले, मिलचे लोक घरी गेले, की रात्री आम्ही काट्याच्या व्हीएमची मागणी २४ वरून ८ जीबीवर आणतो. लिबव्हर्टमध्ये त्या डिव्हाइसचे दोन आकडे शेजारी-शेजारी दिसतात: मागितलेली रॅम आणि सध्याची रॅम. मागितलेला आकडा लगेच ८ होतो. सध्याचा आकडा बघत बसावं असा. आधी झरझर उतरतो, वीस, अठरा, पंधरा, तेव्हा बहुतेक रिकामे तुकडेच जात असतात. मग चाल मंदावते. आता ड्रायव्हर फाइल कॅशने भरलेल्या भागात शिरलेला असतो. पानं उरलेल्या रॅममध्ये हलवायची, तिथे जागा नसेल तर तिथला जुना कॅश टाकून जागा करायची, जी पानं डिस्कवर लिहिली जाताहेत त्यांच्यासाठी थांबायचं. आमच्याकडचा चोपड्याचा मुलगा पहिल्यांदा हे बघत होता, आकडा अकराच्या आसपास रेंगाळला तसा म्हणाला, "ताई, अडकलं वाटतं. मारू का?" म्हटलं, हात नको लावू, पोस्टग्रेस डेटाबेसचा चेकपॉइंट चालू आहे, बदल डिस्कवर लिहितोय, तो होऊ दे. चहा घेऊन येईपर्यंत आकडा आठवर आलेला होता. त्याला एलएसमेम (रॅमचे ब्लॉक दाखवणारी कमांड) चालवायला लावलं, झोनचा रकाना जोडून. जोडलेल्या सगळ्या ब्लॉकांसमोर मूव्हेबल, खालच्या बूट रॅमसमोर मूव्हेबल कुठेच नाही. हा रकाना ज्याने एकदा नीट वाचला त्याला हॉट-रिमूव्ह समजला.

आता ज्यांच्या अंगावर हे ओझं येतं त्यांच्याबद्दल, कारण कर्नलने रॅम दिली-घेतली तरी वरच्या सॉफ्टवेअरला ते कळेलच असं नाही. पोस्टग्रेसचे शेअर्ड बफर्स (त्याची स्वतःची राखीव रॅम) सुरू होताना ठरतात आणि बदलायला रीस्टार्ट लागतो. म्हणून आम्ही ते ४ जीबीवर ठेवले, जेणेकरून रॅम कमीत कमी असतानाही बसतील, आणि जास्तीची रॅम ऑपरेटिंग सिस्टिमच्या फाइल कॅशला सोडली. जावाचं तसंच. जेव्हीएम (जावा प्रोग्राम चालवणारं इंजिन) सुरू होताना जी रॅम दिसते तिचा पाव हिस्सा हीपची (प्रोग्रामच्या डेटासाठीच्या रॅमची) मर्यादा म्हणून मुळात धरतं. सकाळी ३२ जीबी बघून सुरू झालेलं टॉमकॅट (जावाचा वेब सर्व्हर) रात्री १६ जीबीतही ८ जीबी आपलंच समजतं. हीपची मर्यादा स्वतः आकडा देऊन बांधा.

किंमतही आहे. रात्री रॅम काढली की कॅश जातो, आणि सकाळी रॅम परत दिली तरी कॅश रिकामाच येतो. काट्यावरच्या पहिल्या काही पावत्या डिस्कवरून वाचून निघतात आणि ऑपरेटरला ते लगेच जाणवतं. त्यावर उपाय म्हणून रॅम काटा उघडायच्या बरीच आधी, पहाटे देतो आणि शेतकरी खाती, दर आणि चालू हंगामाच्या पावत्यांची टेबलं पोस्टग्रेसच्या पीजी-प्रीवॉर्म या सोयीने कॅशमध्ये ओढून ठेवतो. त्यानंतर तक्रार आलेली नाही. ही सोय लावणार नसाल तर रोजची देवघेव करू नका, महिन्या-हंगामाची करा.

हे सगळं सर्वांत जास्त कामाला येतं ते एप्रिल-मेमध्ये. जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो, एसी धापा टाकतो, आणि वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंतच्या मिनिटांत सर्व्हर रूम तापायला लागते. कापूस संपलेला असतो. तेव्हा कापसाच्या व्हीएम त्यांच्या बूट रॅमपर्यंत आवळतो, लाइव्ह मायग्रेशनने (चालू व्हीएम न थांबवता हलवून) एका होस्टवर आणतो, केळीवाल्यांच्या व्हीएमला तिथेच हवी तेवढी रॅम देतो आणि दुसरा होस्ट बंद करतो. काढून घेतलेली रॅम वाहून न्यावी लागत नसल्याने व्हीएम पटकन सरकतात. एक अख्खा होस्ट उन्हाळाभर बंद राहतो, म्हणजे त्याची वीज वाचते आणि तो ओकत असलेली उष्णता एसीच्या डोक्यावरून उतरते. खान्देशात सर्व्हर सांभाळणाऱ्याला याचं मोल वेगळं सांगायला नको. हॉट-रिमूव्ह नीट चालत नसता तर हे शक्यच नव्हतं, कारण कापसाच्या व्हीएम आपापले ३२ जीबी धरून बसल्या असत्या आणि एका होस्टमध्ये मावल्या नसत्या.

उणिवा लिहिते, त्या लपवण्यात अर्थ नाही. गेस्टचं कर्नल ५.८ च्या आधीचं असेल आणि डिस्ट्रोने त्यात हा ड्रायव्हर स्वतः घातलेला नसेल तर त्याला हे डिव्हाइस समजत नाही, बूट रॅमवरच भागवावं लागतं. जुन्या सेंटओएस ७ वर अडकलेली गिऱ्हाइकं आपल्याकडे कमी नाहीत, त्यांना आधी नवी सिस्टिम द्यावी लागेल. व्हीएम रीबूट झाली की डिव्हाइसची सगळी रॅम आधी निघते आणि ड्रायव्हर चालू झाल्यावर पुन्हा लागते. त्यामुळे सुरुवातीच्या क्षणी गेस्टकडे फक्त बूट रॅम असते आणि लवकर उठणाऱ्या सेवांनी तेवढ्यातच उभं राहिलं पाहिजे. डिव्हाइसमधून काढलेली रॅम गेस्टने पुन्हा न विचारता वापरू नये, हा या रचनेचा करार आहे. पण होस्टवर एकूण बेरीज सांभाळायची जबाबदारी तुमचीच. सगळ्या व्हीएमच्या मर्यादांची बेरीज १२८ च्या वर जाऊ शकते. सगळ्यांची सध्याची रॅम मिळून मात्र कधीही जाता कामा नये. ती गेली तर होस्टचा ओओएम किलर (रॅम संपली की प्रोग्राम मारणारा कर्नलचा भाग) एखादी चालू व्हीएमच उडवतो. आम्ही त्यासाठी छोटी स्क्रिप्ट ठेवली आहे: आधी एकाची रॅम काढ, सध्याचा आकडा खरोखर उतरला का बघ, मगच दुसऱ्याला दे. मागितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवून पुढच्याला रॅम वाटायची नाही.

लिबव्हर्टमध्ये हे डिव्हाइस लावताना कमाल मेमरी आणि गेस्टचा न्यूमा नोड (प्रोसेसर आणि त्याच्या रॅमचा गट) दोन्ही लिहावे लागतात. नवख्याला इथे अर्धा दिवस जातो. समजावून सांगणारा मजकूर इंग्रजीत भरपूर आहे, मराठीत नाही, म्हणूनही एवढं सविस्तर लिहिलं.

टॅलीच्या विंडोज मशीनना मी हे लावत नाही. त्यांची गरज सकाळ-संध्याकाळ सारखीच असते, त्यांना ठरावीक रॅम देऊन मोकळं व्हावं. डेटाबेसची मोठी लिनक्स व्हीएम, जिची भूक वेळेप्रमाणे किंवा हंगामाप्रमाणे बदलते, तिच्यासाठी माझ्याकडून पाचपैकी साडेचार. कापलेला अर्धा गुण रीबूटच्या वेळच्या त्या आखडत्या रॅमसाठी.

आणि लावणार असाल तर मॉनिटरिंग आधी दुरुस्त करा. बहुतेक अलार्म 'एकूण रॅमच्या ९० टक्के वापर' असे बांधलेले असतात. इथे एकूणच बदलतं, त्यामुळे रात्री रॅम काढली की सगळ्या व्हीएम एकदम लाल होतात आणि फोन वाजायला लागतो. आम्ही अलार्म टक्क्यांवरून उचलून उपलब्ध जीबीवर नेले, आणि मागितलेली व सध्याची रॅम यांतला फरक बराच वेळ तसाच राहिला तर वेगळा अलार्म लावला. ज्या रात्री तो वाजतो त्या रात्री त्या व्हीएमच्या कर्नल लॉगमध्ये काय हलत नाहीये ते बघायला जाते.